मदत हवी आहे: अग्रशाळेच्या बुकिंगमधली कॅश (cache, झटपट देण्यासाठी साठवलेली प्रत) शिळी राहते, काय करावं?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेचं, म्हणजे भाविकांच्या राहण्याच्या खोल्यांचं, ऑनलाइन बुकिंग मी सांभाळते. लारावेल (वेबसाइटचं पीएचपी फ्रेमवर्क), मायएसक्यूएल 8.0 (डेटाबेस) आणि 2 जीबी रॅमचा एकच सर्व्हर. एरवी सगळं सुरळीत चालतं. पण माघातल्या जत्रेचं बुकिंग ज्या सकाळी खुलं होतं, त्या सकाळी मुंबई, कारवार, बेळगाव, सगळीकडचे कुळावी (हे ज्यांचं कुलदैवत आहे ते) एकदमच येतात आणि कॅलेंडरचं पान उघडता उघडत नाही.

ते पान म्हणजे खोल्या आणि बुकिंग या दोन टेबलांचा जॉइन (दोन्ही जोडून वाचणं), वर तारखेप्रमाणे ग्रुप बाय (गट पाडणं). स्लो क्वेरी लॉगची (रेंगाळणाऱ्या क्वेरींच्या नोंदीची) मर्यादा मुळात 10 सेकंदांची असते. ती 1 वर आणली तेव्हा हीच क्वेरी पुन्हा पुन्हा दिसली. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) चालवलं तर सगळं टेबल वाचलं जात होतं. तारीख आणि खोली यांवर मिळून इंडेक्स घातल्यावर ती बरीच हलकी झाली. तरी गर्दीत प्रत्येक जण तेच कॅलेंडर मागतो आणि उत्तर सगळ्यांना एकच द्यायचं असतं, म्हणून ते रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगवान साठ्यात) 60 सेकंद ठेवायला लागले.

वेग आला, पण मुदत संपली की त्या क्षणी आलेले सगळे एकदम डेटाबेसवर पडतात. सीपीयूच्या आलेखात दर मिनिटाला सुळका दिसतो.

दुसरी अडचण मला जास्त छळते. काउंटरवरचे कारकून फोनवरची बुकिंगं एका जुन्या डेस्कटॉप प्रोग्रामातून घेतात आणि तो थेट डेटाबेसात लिहितो. लारावेलला त्याचा पत्ताच नसतो, मग कॅश पुसणार कोण? खोली दोघांना जात नाही, कारण शेवटच्या पायरीवर मी खोलीची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने अडवून खरी स्थिती बघते. पण घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, ओळखपत्रांचे क्रमांक भरून झाल्यावर 'खोली शिल्लक नाही' असं येतं. वर्षातून एकदा कुलदेवतेला येणाऱ्या माणसाला हे उत्तर देणं मला पटत नाही.

एकाने मायएसक्यूएलचाच क्वेरी कॅश (क्वेरींचे निकाल साठवायची सोय) चालू करायला सुचवलं. तो 8.0 मधून काढूनच टाकलाय. आणि त्यात टेबलातली एक ओळ बदलली तरी त्या टेबलाचे सगळे साठवलेले निकाल बाद व्हायचे, म्हणजे जत्रेच्या बुकिंगला तसाही निरुपयोगी.

जुन्या प्रोग्रामचा सोर्स कोड मिळणार नाही. उपाय सुचवा, प्लीज.

प्रतिसाद 1

प्रोग्रामला हात लावता येत नसेल तर डेटाबेसला लावा. महिन्यागणिक एक ओळ असलेलं छोटं टेबल करा, त्यात फक्त आवृत्ती क्रमांक. बुकिंग टेबलावर इन्सर्ट, अपडेट, डिलीट तिन्हींना ट्रिगर (बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लावा, तो त्या महिन्याचा क्रमांक एकाने वाढवेल. बुकिंग कुठूनही होवो, ट्रिगर चालणारच. रेडिसच्या कीमध्ये (साठवलेल्या प्रतीच्या नावात) महिना आणि हा क्रमांक दोन्ही घाला. क्रमांक बदलला की जुन्या कीकडे कोणी बघत नाही, ती मुदत संपून जाईल. प्रायमरी कीने एक ओळ वाचणं तुमच्या जॉइनपुढे काहीच नाही. फक्त आधी क्रमांक वाचा, मग कॅलेंडरची क्वेरी. उलट केलंत तर जुनी माहिती नव्या क्रमांकाखाली जाऊन बसेल.

एक जपा: फॉरेन कीच्या कॅस्केडने (मूळ ओळ पुसली की जोडलेल्या ओळी आपोआप पुसल्या जातात, त्याने) पुसलेल्या ओळींवर मायएसक्यूएल ट्रिगर चालवत नाही.

सुळक्यासाठी कुलूप. रेडिसचा सेट, एनएक्स (की आधी नसेल तरच लिहायची) आणि मुदत लावून वापरा. ज्याला कुलूप मिळेल त्यानेच क्वेरी चालवायची, बाकीच्यांना मागच्या आवृत्तीचं कॅलेंडर द्यायचं. खोल्यांची वर्णनं, फोटो, दर मात्र बिनधास्त दिवसभर कॅशमध्ये ठेवा.

धागाकर्ती

ट्रिगरचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! कॅस्केड आहे, रद्द झालेल्या पावत्यांवर. ते डिलीट आता कोडमधून करते. पण जत्रेच्या सकाळी सगळी बुकिंगं एकाच महिन्याची असतात. सगळे त्या एकाच ओळीसाठी रांगेत थांबणार नाहीत का?

प्रतिसाद 1

थांबतील, कमिट होईपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत). म्हणून ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) छोटं ठेवा. पेमेंट गेटवेची वाट बघणं आणि एसएमएस पाठवणं त्याच्या आत असेल तर आधी बाहेर काढा. तेवढ्याने नाही भागलं तर महिन्याऐवजी तारखेगणिक ओळ करा.