वेर्कमाइस्टर ३ : शेवटचा पंचम डोलतच नाही, काय चुकतंय?

मंद्रसप्तक
हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं जुनं पट्ट्यांचं वाद्य), ए = ४१५ (सेकंदाला कंपनं). वेर्कमाइस्टर ३ (जर्मन ऑर्गनिस्ट वेर्कमाइस्टरची जुनी स्वरजुळणी) कानानेच लावायचंय, ॲप नको. चार पंचम (सा–प अंतरं) शुद्धापेक्षा किंचित आखूड केले, आठ शुद्ध ठेवले. शेवटी बी–एफ शार्प तपासला तर ढिम्म, एकही बीट (जोडी शुद्ध नसली की आवाजाला येणारा डोल) नाही. सी–ई गंधार मात्र फारच गोड लागतोय. दुसरं म्हणजे, वेर्कमाइस्टर हा चर्चचा ऑर्गनिस्ट. ही जुळणी ऑर्गनपुरतीच होती का? आणि बाखच्या संग्रहाच्या नावातलं 'वेल-टेम्पर्ड' (नीट जुळवलेलं) ते हेच ना?

खर्ज
गंधार 'फारच गोड' हीच खूण. तुम्ही चौथा आखूड पंचम ए–ई घेतलाय. मीनटोनची, म्हणजे गंधार शुद्ध ठेवणाऱ्या जुन्या जुळणीची, सवय असली की हात तिकडेच जातो. सी–जी, जी–डी, डी–ए बरोबर, पण चौथा बी–एफ शार्प आहे. ए–ई शुद्धच हवा. तसा लावला की सी–ई शुद्धापेक्षा ३.९ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा येतो, मधल्या सप्तकात सेकंदाला २.८ बीट. तुमचा आत्ता २ सेंट उतरा असणार.

नादकाट्याने मधल्या सी-वरचा ए घ्या. त्याखालचा डी आधी शुद्ध लावा, मग डी किंचित चढवा, सेकंदाला २.८ बीट येईपर्यंत (५ सेकंदांत १४ मोजा). डी-खालचा जी असाच चढवून १.९ बीटवर. तो जी सप्तकाने वर घ्या आणि मधला सी २.५ बीटवर. चढवायचा नेहमी खालचा सूर, कारण वरचा आधीच पक्का झालेला असतो. पुढे सगळं शुद्ध: ए-वरून ई, ई-वरून बी, दुसऱ्या बाजूने सी-वरून एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प. बी–एफ शार्प लावायचा नाही, फक्त ऐकायचा. २.४ बीट आले तर काम झालं.

नाही आले तर दोष 'शुद्ध' पंचमांत शोधा. आठही प्रत्येकी १ सेंट आखूड राहिले, तर ५.९ सेंट आखूड हवा असलेला बी–एफ शार्प उलट २ सेंट फुगतो. १ सेंट म्हणजे या पट्टीत दोन सेकंदांत जेमतेम एक बीट, घाईत कान सोडून देतो.

पाईपवाला
ऑर्गनपुरती नाही. क्वेडलिनबुर्गला असताना १६९१ साली त्याने 'मुझिकालिशे टेम्पेराटूर' छापलं, त्यात क्लाव्हिअरही (हार्प्सिकॉर्डसारखी पट्ट्यांची वाद्यं) आहे. १६९६ पासून १७०६ मध्ये मरेपर्यंत तो हाल्बरश्टाटच्या मार्टिनीकिर्शंचा ऑर्गनिस्ट आणि त्या भागातल्या ऑर्गनचा तपासनीस. 'ओर्गेलप्रोबे' (१६८१, वाढीव आवृत्ती १६९८) ही त्याच कामाची पोथी.

खरी अडचण जुन्या मीनटोन ऑर्गनची. सी जागेवर ठेवला तर जी शार्प सुमारे २० सेंट चढवावा लागतो आणि ई फ्लॅट १६ सेंट उतरवावा लागतो. १ मीटरच्या नळीला हे अनुक्रमे ११ मिलिमीटर कापणं आणि ९ मिलिमीटर जोडणं. जुळणीच्या शंकूच्या आकाराच्या हत्याराने तोंड आवळून-पसरून एवढं भागवायला गेलात तर नळीचं तोंड फाटतं. हार्प्सिकॉर्डवाले नशीबवान, किल्ली फिरवली की झालं.

बाखने जुळणीची कृती लिहून ठेवलेली नाही. वेर्कमाइस्टर स्वतः उतारवयात समान जुळणीकडे (बाराही पंचम सारखेच) झुकला होता, १७०७ च्या मरणोत्तर पुस्तकात ते दिसतं. तेव्हा 'हेच ना' याला 'हो' म्हणता येत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट: काही डिजिटल वाद्यांत हीच जुळणी 'वेर्कमाइस्टर १' नावाने असते. वेर्कमाइस्टरच्या यादीत आधी शुद्ध आणि मीनटोन जुळण्या होत्या, म्हणून ही तिसरी. पण त्याने सुचवलेल्यांत पहिली.

मंद्रसप्तक
ए–ई शुद्ध केला, बी–एफ शार्प डोलायला लागला. आभार. हार्मोनियमवर हे करावं का?

खर्ज
साथीच्या पेटीवर नको. पांढरी एकचा गंधार ३९० सेंट, छान. पण गायक काळी एकमध्ये आला की तोच ४०८, म्हणजे समान जुळणीच्या ४०० पेक्षाही वाईट. त्यातून रीड घासून लावायची. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.