चेहऱ्यावरचा लालसरपणा मलमाने दबतो आणि पुन्हा उसळतो : मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लालसरपणा टिकून आहे. माझा वर्ण सावळा असल्यामुळे तो तपकिरी-जांभळट दिसतो आणि घरच्यांना चेहरा केवळ उन्हाने रापला आहे असे वाटते. मला मात्र चेहरा धुतल्यावर होणारी आग आणि ऊन लागताच कानांपर्यंत चढणारी ऊब स्पष्ट जाणवते. अधूनमधून बारीक पुटकुळ्या येतात, पण ब्लॅकहेड्स नाहीत. खाज जवळपास नाही.

एका परिचितांनी सुचवलेले मलम लावले की चेहरा लगेच शांत होतो आणि बंद केले की आधीपेक्षा जास्त भडकतो. नळीवर 'मोमेटासोन' असे छापलेले आहे. हा रोझेशिया (चेहऱ्यावर लाली टिकून राहणारा त्वचेचा दीर्घकालीन विकार) असावा, की हे मलमाचेच दुखणे आहे? मलम एकदम थांबवावे का, आणि तोवर चेहऱ्याला काय लावावे?

प्रतिसाद :

मोमेटासोन हे स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध आहे. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून लाली झटकन उतरते. परंतु चेहऱ्याची त्वचा मुळातच नाजूक असल्याने सततच्या वापराने ती पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या उघड दिसू लागतात आणि मलम सोडताच आग व लाली उसळते. त्यामुळे मलमाने बरे वाटते यावरून निदान होत नाही. आपले वर्णन रोझेशियाशी जुळते, पण स्टेरॉइडमुळेही हुबेहूब असेच चित्र दिसते आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

मलम बंद करावेच लागेल. मात्र एकदम की टप्प्याटप्प्याने, हे किती काळ लावले त्यावर अवलंबून असल्याने त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे. मधल्या काळासाठी ते कधी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम देतात. तोवर कोमट पाणी, सौम्य व बिनवासाचा फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडयुक्त, किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन एवढेच ठेवावे. स्क्रब, टोनर, रेटिनॉल सगळे बाजूला. (नेमक्या अशाच वेळी लोक नवनवीन क्रीम आणतात!)

रोझेशिया ठरल्यास मेट्रोनिडाझोल, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनचे क्रीम देतात आणि पुटकुळ्या जास्त असल्यास पोटात डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. गुण यायला बरेच आठवडे लागतात. कायमच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या मात्र क्रीमने जात नाहीत, त्यांना लेझर लागते.

भुवयांत आणि नाकाच्या कडांना तेलकट पापुद्रे सुटत असते तर सेबोऱ्हिक डर्मटायटिसचा (कोंड्याच्या जातीचा त्वचाविकार) संशय घेतला असता. हेअर डाय किंवा सुगंधी प्रसाधनानंतर खाज सुटत असेल तर अ‍ॅलर्जीसाठी पॅच टेस्ट करतात. त्यात पाठीवर 48 तास पट्ट्या ठेवतात आणि त्या काढल्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. एकाच बाजूची झपाट्याने पसरणारी, गरम आणि दुखरी लाली, सोबत ताप, असे असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लालीबरोबर सांधे दुखत असतील तर ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार) तपासणी करून घ्यावी.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का, हे आपण लिहिलेले नाही. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. तसे होत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, आणि जाताना मलमाची नळी सोबत न्या.