भुसावळच्या मेसमध्ये घरगुती चिनी: डंपलिंगची पारी फुटते, नूडल्सचा गोळा होतो

तापीकाठ_मेस

भुसावळात आमची घरगुती मेस आहे, संध्याकाळी साधारण साठ ताटं जातात. आठवड्यातून दोन दिवस चिनी जेवण ठेवायचं आहे. मंचुरियन आणि शेजवान नको, ते चौकातल्या गाडीवर मिळतंच. उत्तर चीनमध्ये घरोघरी करतात तशी पाण्यात उकळलेली डंपलिंग, म्हणजे जियाओझी, आणि हाताने कापलेल्या नूडल्स करायच्या आहेत. ताट रोजच्या जेवणाच्या भावात बसलं पाहिजे, म्हणून महागडी आयात बाटली शक्यतो नको.

सध्या तीन अडचणी आहेत. दहातली तीन-चार डंपलिंग उकळताना फुटतात. कोबीच्या सारणाला पाणी सुटतं आणि पारी खालून ओली होते. नूडल्स आधी उकडून तेल लावून ठेवल्या तर तासाभरात गोळा होतो. कणीक पोळीसारखी मऊ भिजवतो, पीठ निम्मा मैदा आणि निम्मी लोकवन गव्हाची कणीक. निम्मी मंडळी शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.

पोळपाट_लाटणं

ताई, फुटण्याचं मूळ कणकेत आहे. पोळीची कणीक सैल असते, कारण ती तव्यावर लगेच कोरडी होते. जियाओझीची पारी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं हेलकावे खाते. तिला घट्टपणा हवा. शिवाय लोकवनच्या पिठातला कोंडा पातळ पारीत ताणाच्या धाग्यांना जागोजागी कापतो. पाण्यात उकळायच्या पारीसाठी निव्वळ मैदा घ्या.

५०० ग्रॅम मैदा, २४० ते २५० मिली साधं पाणी, ५ ग्रॅम मीठ. वाटीने नको, काट्यावर मोजा. सुरुवातीला कणीक फाटकी आणि खडबडीत दिसेल. तिथे घाबरून पाणी वाढवलं की पुढचं सगळं बिघडतं. झाकून दहा मिनिटं ठेवा, मग पाच मिनिटं तिंबा, परत अर्धा-पाऊण तास मुरू द्या. पिठात पाणी भिनायला वेळ लागतो, हाताच्या जोराने ते काम लवकर होत नाही.

लाटी ९ ग्रॅमची, पारी साडेआठ सेंटिमीटरची. पुरीसारखी सगळीकडे सारखी लाटू नका. डाव्या हाताने पारी फिरवत राहायची आणि उजव्या हातातलं छोटं लाटणं काठापासून मध्यापर्यंतच न्यायचं. मध्य जाड राहतो, काठ पातळ होतो. मुरडीच्या जागी दोन काठ एकावर एक येतात. ते जाड असले तर तिथे कच्चट राहतं आणि तळ पातळ असला तर तिथून फुटतं. सारण १२ ते १४ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. बंद करताना मध्ये चिमटा, मग दोन्ही बाजूंनी हवा बाहेर ढकलत या. आत अडकलेली हवा गरम होऊन फुगते आणि मुरड उघडते. काठाला सारणातलं तेल लागलं तरीही मुरड धरत नाही, म्हणून सारण भरायचा चमचा आणि चिमटायची बोटं वेगळी.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाटलेली पारी पाच मिनिटांत काठाला वाळते. एका वेळी पंधरापेक्षा जास्त लाटू नका आणि लाट्यांवर पिळलेलं ओलं फडकं ठेवा.

उकळताना: चार लिटर पाण्याला २५ नग. टाकल्याबरोबर झाऱ्याच्या पाठीने तळ हलवा, एकाच दिशेने, नाहीतर बुडाला चिकटून फाटतात. उकळी आली की पेलाभर गार पाणी घाला. असं तीन वेळा करा. जोराची उकळी पारीला आपटते. गार पाण्याने ती शांत होते आणि सारणाला शिजायला वेळ मिळतो. चिनी स्वयंपाकघरात म्हणतात, झाकण काढलं की पारी शिजते, झाकलं की सारण. म्हणून चिकनच्या सारणाला पहिल्या दोन उकळ्या झाकण ठेवून, शेवटची उघडी. नग वर तरंगून फुगले तरी चिकनचा एक कापून बघाच.

वाफवायची असतील तर कणीक वेगळी: निम्मं पाणी उकळतं, निम्मं साधं. उकळत्या पाण्याने पारी मऊ राहते, पण तीच पारी पाण्यात टाकली तर विरघळते. वाफेच्या चाळणीत केळीचं पान घाला, त्याला भोकं पाडा आणि तेलाचा हात फिरवा. रावेर-यावलच्या पट्ट्यात त्याला काय तोटा!

सातपुडा

सारणाचं सांगतो. कोबी बारीक चिरून १ किलोला १५ ग्रॅम मीठ लावा, वीस मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा. पाव लिटरच्या आसपास पाणी निघतं. तेच पाणी सध्या तुमच्या पारीतून बाहेर येतंय. पिळलेल्या कोबीला आधी ३-४ चमचे तेल चोळा आणि मग बाकीचा मसाला घाला. तेलाचा थर बसला की पुढच्या मिठाने पाणी कमी सुटतं. क्रम उलटा झाला तर पिळण्याची मेहनत वाया.

शाकाहारीसाठी १ किलो कोबीला ४०० ग्रॅम दाबून निथळलेलं टोफू किंवा पनीर, १५० ग्रॅम सोयाबीनचा चुरा (भिजवून पिळून), दोन मुठी कांद्याची पात, २० ग्रॅम आलं, ३ चमचे सोया सॉस, पाव चमचा पांढरी मिरपूड. कोबीत मीठ आधीच आहे, म्हणून वरून घालण्यापूर्वी चमचाभर सारण तव्यावर परतून चाखा.

अंडं खाणाऱ्यांसाठी शेपू ठेवा. उत्तर चीनमध्ये बडीशेपेच्या पाल्याची जियाओझी करतात, शेपूचा वास त्याच घराण्यातला. ६ अंड्यांची भुर्जी अगदी बारीक करून पूर्ण गार करा आणि मगच एक जुडी चिरलेला शेपू मिसळा. भुर्जी कोमट असली तरी पाला मरतो आणि पाणी सोडतो.

चिकनला मांडीचा खिमा घ्या, छातीचा कोरडा होतो. १ किलोला १० ग्रॅम मीठ घालून एकाच दिशेने फेटा आणि २०० मिली गार आल्याचं पाणी चार वेळा थोडं-थोडं जिरवा. मिठाने मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि तीच पाणी धरून ठेवतात. खिमा भांड्याला चिकटायला लागला की झालं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग भरा. भुसावळच्या उन्हाळ्यात हे सारण ओट्यावर अर्ध्या तासाच्या वर नको. आणि शाकाहारी नगांचं पातेलं, झारा, चाळणी वेगळी ठेवा. मुरडही वेगळी घाला, म्हणजे ताटात गोंधळ होत नाही.

खापर_आणि_मांडे

नूडल्स आधी उकडून ठेवायच्याच नाहीत. तेल लावलं की रस्सा आणि सॉसही चिकटत नाही. कच्च्या कापून ठेवा, मागणी आली की उकडा.

कापायच्या नूडल्सची कणीक जियाओझीहूनही घट्ट: ५०० ग्रॅम मैद्याला १९० ते २०० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम पापडखार. पापडखार पाण्यात पूर्ण विरघळवूनच घाला, नाहीतर पिवळे ठिपके येतात. क्षाराने नूडल्सना तो लवचीकपणा आणि हलका पिवळा रंग येतो. चिनी पद्धतीतही क्षाराचंच पाणी वापरतात. दुकानागणिक पापडखाराचा जोर वेगळा असतो, साबणासारखा वास आला तर २ ग्रॅमवर या. एक तास मुरवा, लाटा, घडी घालून ३ मिलिमीटर कापा. भुरभुरायला मैदा नको, कॉर्नफ्लोअर घ्या. ते पाण्यात गळून पडतं, मैद्याची खळ होते. उकडायला दीड-दोन मिनिटं, एका ताटाला दीड लिटर पाणी. आठ-दहा ताटं झाली की पाणी बदला, दाट पाण्यात नूडल्स बुळबुळीत होतात.

पण माझं मत विचाराल तर मेसला कापायच्या नूडल्सपेक्षा ओढायच्या नूडल्स परवडतात. चीनमधल्या शिआन शहरात करतात तशा रुंद ओढलेल्या पट्ट्या. आपल्याकडे मांडे करणारी बाई असेल तर तिला शिकवायला दोन दिवस पुरतील. मांड्याला गहू ओलवून दळतात, पीठ वस्त्रगाळ करतात, कणीक तिंबून-तिंबून तार येईपर्यंत मुरवतात आणि मग हातावर वाढवतात. ताण कधी तयार झाला हे त्या हातांना कळतं. ५०० ग्रॅम मैदा, २५० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ. ७० ग्रॅमचे लांबट गोळे करा, तेल लावून दोन तास झाका. गोळा चपटा करा, मध्ये लाटण्याने एक रेघ दाबा, दोन टोकं धरून ओढत ओट्यावर आपटा, मग रेघेवरून फाडून लांब वेटोळं करा. ओढताना मागे खेचली गेली तर कणीक अजून मुरलेली नाही. जोर लावू नका, अर्धा तास थांबा.

वाटीत उकडलेल्या पट्ट्या, वर एकेक चमचा सोया सॉस आणि व्हिनेगर, मीठ, ठेचलेला लसूण, कांद्याची पात आणि एक चमचा जाडसर लाल तिखट. ३० मिली शेंगदाणा तेल धूर निघेपर्यंत तापवा आणि तिखटावरच ओता. फोडणीचाच प्रकार, फक्त ताटात. खान्देशी जिभेला हे समजावून सांगावं लागत नाही.

तापीकाठ_मेस

खूप उपयोग झाला. दोन प्रश्न: व्हिनेगर कोणतं? आणि भरताच्या वांग्याचं सारण चालेल का?

धुळ्याची_मिरची

जियाओझीबरोबर चीनमध्ये काळं व्हिनेगर देतात. शान्शी प्रांतातलं जुनं व्हिनेगर मुख्यतः ज्वारीपासून मुरवतात, झेनजियांग शहरातलं चिकट तांदळापासून. आपलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर त्याच्यापुढे नुसतं झोंबतं. ४ चमचे माल्ट व्हिनेगर, १ चमचा सोया सॉस, चिमूटभर गूळ, कोमट करून विरघळवा. हुबेहूब नाही, पण डंपलिंगला साजेसं आणि स्वस्त.

तिखट तेल एकदाच करून आठवडाभर पुरतं. ५०० मिली शेंगदाणा तेल, १०० ग्रॅम जाड कुटलेली मिरची: रंगाला बेडगी तीन भाग, जाळाला लवंगी एक भाग. कुटून आणायची तर नंदुरबारच्या बाजारातली वाळलेली मिरची बघा. मिरचीत एक चमचा पाणी शिंपडून भांड्यात ठेवा. तेल धुरावल्यावर आच बंद करा आणि तिळाचा दाणा टाकला तर संथ बुडबुडे येतील इतपत निवू द्या, मग तीन वेळा ओता. ताटातल्या चमचाभर तिखटावर थोडं धुरकट तेल चालतं, पण एवढं सगळं एकदम धुरकट ओतलं की मिरची काळी पडते आणि कडवट होते. सिचुआन मिरी नाही मिळाली तर तिरफळ चालतं, दोन्ही एकाच वंशाच्या झाडांची फळं. बी काढून टाका, टरफलं चार-पाचच.

वांगं चालेल, चीनमध्येही वांग्याचं सारण करतात. पण आसोदा-बामणोदच्या हिरव्या वांग्याचा भाजलेला गर फार रसाळ. रात्रभर फडक्यात टांगून निथळवा आणि किलोभर गराला २०० ग्रॅम भाजलेल्या दाण्याचं कूट घाला. हे सारण फक्त वाफवायच्या डंपलिंगला वापरा. उकळायच्या पारीत ते टिकणार नाही.

पोळपाट_लाटणं

साठ ताटांचं गणित देऊन ठेवतो. ताटाला ८ नग धरले तर ४८० नग, म्हणजे ३ किलो मैदा आणि साडेसहा किलोच्या आसपास सारण. एक लाटणारी, दोन भरणाऱ्या. दुपारीच करून कच्चीच डीप फ्रीजला टाका: ताटावर कॉर्नफ्लोअर, नग एकमेकांना न चिकटवता, तीन तासांत कडक झाले की पिशवीत. संध्याकाळी न वितळवता थेट उकळत्या पाण्यात, एक गार पाण्याचा पेला जास्त. वितळू दिले तर तळ ओला होऊन पुन्हा तुमची पहिलीच अडचण येईल.

आणि उकळलेलं पाणी फेकू नका. उत्तर चीनमध्ये जियाओझी खाऊन झाल्यावर तेच गरम पाणी वाटीतून देतात. पापडखाराच्या नूडल्सचं मात्र देऊ नका.