मीटर स्मार्ट झाला, डीपीचं काय?

माळावरचा: गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत स्मार्ट मीटर बसले, रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारे. वीज वितरण सुधारायची केंद्राची २०२१ ची आरडीएसएस योजना, देशभर २५ कोटी मीटरचं उद्दिष्ट. आपल्याकडे मीटरमागे अनुदान १५ टक्के किंवा ९०० रुपये, यातलं जे कमी ते. बाकीचा खर्च आज ना उद्या दरात येणारच. आणि आमची लाईट जाते ती मीटरमुळे थोडीच? कोपऱ्यावरच्या डीपीचं, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीचं, दार तारेने बांधलंय, आत फ्यूजच्या जागी वायरीचा वेटोळा. पावसाचे चार थेंब पडले की गल्ली अंधारात.

निवृत्त_ऑपरेटर: सबस्टेशनवर वीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. डीपीवरच्या मीटरचा आकडा आणि खालच्या घरांचे आकडे रोज जुळवले की गळती कुठे ते दिसतं. आज तारेवर आकडे टाकून वीज चोरणारा मजेत, भुर्दंड नियमित भरणाऱ्यावर. शिवाय ‘घर बंद’ म्हणून सरासरी बिल आणि मग एकदम सहा महिन्यांचा दणका, हे तरी थांबेल.

माळावरचा: मग डीपीवरच बसवा की! शंभर घरांना एक मीटर पुरेल.

निवृत्त_ऑपरेटर: डीपीवर चोरी कळेल, चोर नाही कळणार.

शिवणकाम: मला फायदाच झाला. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं दुपारी. महिन्याला त्या वेळेतली साठेक युनिटं धरली तरी पन्नासेक रुपये सुटतात.

आठची_लोकल: ताई, दुपारी सौर वीज मुबलक म्हणून ती सवलत. आम्ही दोघं आठला बाहेर पडतो ते सातला घरात. गीझर पहाटे, एसी रात्री. दुपारी चालतो तो एकटा फ्रीज. मीटरचा खर्च मात्र आम्हालाही सारखाच.

माळावरचा: सामान्य ग्राहकांना प्रीपेड नाही, असं सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं, ते ठीक. पण ऑफिसात बसून वीज तोडायची सोय या मीटरात आहेच. लाईनमन दारात आला की “दादा, सोमवारी भरतो” म्हणता यायचं.

निवृत्त_ऑपरेटर: त्या सोमवारपायी मी किती शिव्या खाल्ल्यात, विचारू नका. डीपीचं मात्र मान्य. आधी ते दार बदलायला हवं होतं.