गाव कुठे वसवायचं, हे जुन्यांना खरंच कळत होतं का?

सड्याखालचा:
आमचं गाव राजापूर तालुक्यात. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, खाली खाडी, वाडी मधल्या उतारावर. पावसाचं पाणी सड्याच्या जांभ्या दगडात मुरतं, खालच्या चिकण मातीला अडतं आणि कडेला झरा होऊन फुटतं. आमची विहीर नेमकी तिथे, मे महिन्यातही चार हात पाणी. भात मळ्यात, किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर, फक्त माड. सडाही त्यांना ठाऊक होता, बारसू-कशेळीची कातळशिल्पं बघा. पण घर तिथे कोणी बांधलं नाही. आता समुद्र दिसावा म्हणून बंगले थेट सड्यावर, आणि मार्चपासून टँकर! जुनी माणसं जमीन वाचूनच बसली, असं माझं मत.

वाशिष्ठीकाठ:
दादा, मग चिपळूण-महाडचं काय? महाड तर गांधारपाल्याच्या लेण्यांइतकं जुनं. भरतीबरोबर गलबत जिथवर चढायचं आणि घाटवाट जिथून सुटायची, तिथे बाजार बसला. पूर येतो हे माहीत असून बसला. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात पाणी पोटमाळ्याला लागलं. तांदळाची पोती फुगून फुटली, तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही. याला निसर्गाशी मेळ कसला म्हणता? धंद्याचा हिशेब होता तो.

सड्याखालचा:
ताई, नदीकाठी भराव जुन्यांनी नाही घातले.

वाशिष्ठीकाठ:
भराव आमच्याच पिढीचे, कबूल. पण पूर त्याआधीही यायचाच. आजी माळ्यावर चूल मांडायची.

पऱ्यापलीकडचा:
उतारावरची वाडी सुरक्षित, हे महाड तालुक्यातल्या तळिये गावाला जाऊन सांगा. त्याच २२ जुलैला डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आणि 'जुनी माणसं' म्हणजे कोणाची? आमच्या गावात झऱ्याची जागा खोतांची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची. आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, चार हात खणलं की काळा कातळ. माझ्या आज्याने जागा वाचली नव्हती हो, त्याला ती बोटाने दाखवली गेली.

सड्याखालचा:
तळियेचं मान्य. दुसऱ्या मुद्द्यावर रात्री आईला फोन केला. आपल्या विहिरीवर खालच्या वाडीतल्या बायका कधीपासून पाणी भरायला लागल्या, विचारलं. म्हणाली, "नळ आल्यापासून विहिरीवर कोण जातंय? आधीचं काय काढतोस आता!"