शाळेच्या फाटकावर बंदूकधारी रखवालदार: सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती, सातारा
जून जवळ आला की पालकसभेत हा प्रस्ताव हमखास येतो: "गेटवर बंदूकवाला ठेवा, आम्ही वर्गणी काढतो." २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, तेव्हापासून आग्रह वाढलाय. तिथला आरोपी शाळेतच कामाला असलेला सफाई कर्मचारी होता, बाहेरून भिंत चढून आलेला नव्हता, हे मात्र सभेत कुणी बोलत नाही. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी लिहावं. परवाना, पाळ्या, खर्च, काय बिघडतं आणि का, एवढंच. भावनिक निबंध नकोत.

निवृत्त हवालदार, कोरेगाव (सुरक्षा एजन्सीत सुपरवायझर)
आधी कागद. शाळेत उभी राहणारी बंदूक बहुधा १२ बोअरची, एकनळी नाहीतर दुनळी. परवाना शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ च्या नियमांखाली, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयातून. एजन्सीकडून माणूस घेणार असाल तर झेरॉक्सवर भागवू नका, मूळ कागद मागा: २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा एजन्सीचा परवाना, माणसाचं प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि शस्त्र परवाना. शस्त्र परवान्यावर युआयएन (परवानाधारकाचा राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक) आहे का, मुदत कधी संपते, कुठल्या हद्दीत चालतो, हे बघा. बंदुकीवर कोरलेला नंबर परवान्यावरच्या नंबराशी स्वतः ताडा. परराज्यातल्या बनावट परवान्यांवर नोकरी करणारे रखवालदार महाराष्ट्रात पकडले गेलेत, तेव्हा लाजू नका.

खरी गाडी अडते ती परवान्याच्या कारणावर. बऱ्याच जणांकडे परवाना असतो स्वसंरक्षणाचा किंवा पीकसंरक्षणाचा. तीच बंदूक खांद्याला लावून तो तुमच्या फाटकावर पगारी उभा राहिला की परवान्याचं कारण एक आणि वापर दुसरा. काही घडलं तर पोलीस पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि त्याचं उत्तर संस्थेलाही द्यावं लागतं.

प्रशिक्षणाबद्दल गैरसमज फार. कायद्याप्रमाणे नव्या गार्डला किमान २० कामाच्या दिवसांत वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास. माजी सैनिक-पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान ७ दिवसांत. त्यात आग, गर्दी, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, सगळं येतं. हत्याराच्या वाट्याला थोडंच. वर्षानुवर्षं एकही बार न काढलेला माणूस गर्दीत नेम धरणार, यावर विसंबू नका.

आणि १२ बोअरचं काडतूस म्हणजे छर्रे. नळीतून बाहेर पडले की ते पसरत जातात. शाळा सुटताना फाटकात दोनशे पोरं, पालकांच्या दुचाक्या, वडापची जीप, पेरूवाली. मला तिथं गोळी झाडायला सुरक्षित दिशा सांगा.

देखभाल कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात पावसाळ्यात नळी रोज पुसावी लागते: आधी कोरडी चिंधी, मग तेलाची, आणि ड्युटीआधी पुन्हा कोरडी. काडतुसं दमट कपाटात राहिली तर पितळी बूड हिरवं पडतं, नळीत अडकतं. चाप ओढून बार निघाला नाही तर लगेच बंदूक उघडायची नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं, काडतूस उशिरा पेटू शकतं. बहुतेकांना हे माहीत नसतं, ते घाबरून लगेच उघडतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. सवलत हवी तर वेगळा अर्ज. तो केला नसेल तर तेवढे दिवस तुमचा बंदूकवाला काठीवाला होतो.

मुख्याध्यापिका, मिरज
हवालदारसाहेबांनी हत्याराचं सांगितलं, मी पैशाचं सांगते. चोवीस तासांची एक जागा म्हणजे आठवड्याला ८ तासांच्या २१ पाळ्या. एक माणूस सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं, प्रत्यक्षात चार. त्यावर एजन्सी भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा (मालकाचा वाटा ३.२५ टक्के) आणि आपलं सेवाशुल्क लावते. एक गोष्ट लिहून ठेवा: बारावीपर्यंतच्या शाळेला आवारात दिलेली सुरक्षा सेवा जीएसटीतून मुक्त आहे. तरी बिलात १८ टक्के लावलेले असतात आणि लेखनिक मुकाट भरतात.

अनुदानित शाळांचं दुखणं निराळंच. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं शिपायाची पदं रिकामी होतील तशी संपत चालली, त्याऐवजी ठोक भत्ता आला. फाटकावर बसायला माणूसच नाही, आणि सभेत चर्चा दुनळीची!

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात काय आहे ते पालकांना वाचून दाखवा. सीसीटीव्ही, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासणं, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळेतली समिती). बंदुकीचा उल्लेखही नाही. पडताळणी फक्त पटावरच्यांची होते आणि कंत्राटी सफाईवाले, स्वयंपाकी, नाचाचे 'सर', बसचा क्लीनर सुटतात, तिथंच भोक पडतं. ठेकेदाराशी करार करताना अट घाला: बदली माणूस आला तरी पडताळणीचा कागद हातात आल्याशिवाय आत प्रवेश नाही. आणि मुलीनं काही सांगितलं तर "आधी संस्थेत चौकशी करू" म्हणायची सोय नाही. पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम १९ माहिती पोलिसांना देणं बंधनकारक करतं. दडवलं तर कलम २१ खाली संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

इमारतींची सुरक्षा तपासणारा, कराड
अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. कोलंबाइनला (१९९९) सशस्त्र पोलीस शाळेवर नेमलेला होता, त्यानं गोळीबारही केला, तरी १३ बळी गेले. पार्कलँडला (२०१८) नेमलेला सशस्त्र अधिकारी बाहेरच थांबला, १७ गेले. युवाल्डीला (२०२२) तर शेकडो सशस्त्र पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२१ च्या अभ्यासात १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटना तपासल्या होत्या. सशस्त्र रक्षक असलेल्या ठिकाणी बळी कमी झाल्याचं दिसलं नाही. एवढं होऊनही युवाल्डी ज्या राज्यात आहे त्या टेक्सासनं २०२३ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत सशस्त्र रक्षक सक्तीचा केला. तिथं शाळकरी पोराच्या हाती रायफल येऊ शकते. आपल्याकडे पोरांच्या दप्तरात सापडतो कोयता. तो काढायला बंदूक लागत नाही. दप्तर उघडणारा माणूस आणि त्याला पाठबळ देणारे मुख्याध्यापक लागतात.

तिकडून घ्यायचंच तर वर्गाचं दार घ्या. आपल्या जुन्या वर्गांना कडी-कोयंडा बाहेरून, आतून काहीच नाही. आतून साधी सरकती कडी बसवा, दीड मीटर उंचीवर, म्हणजे बालवाडीतलं पोर स्वतःला कोंडून घेत नाही. किल्लीचं कुलूप आतून नको. खिडकीच्या गजांपैकी एक चौकट बिजागरीची करा, नाहीतर आगीत तोच वर्ग सापळा. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुलं जळून गेली. शाळेत आगीची शक्यता बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त.

सीसीटीव्हीवाला, तासगाव
मॅडम, तीनदा तपासणी लिहिली आहे खरी, पण बघायला चित्रण उरतं का? हिशोब सोपा आहे. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस वेगानं चित्रण साठवताना दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७० जीबीच्या वर. कोटेशनमध्ये १ टीबीची डिस्क असते, ती सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. महिनाभर ठेवायचं तर ५ टीबीच्या वर लागतात, म्हणजे ६ टीबीची डिस्क, आणि ती सीसीटीव्हीसाठीचीच. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहून लवकर मरते.

बाकी बिघाड नेहमीचे. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि सकाळी कॅमेऱ्यात नुसतं जाळं. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मागं पडतं, मग वेळ जुळत नाही. डीव्हीआर ऑफिसात उघड्यावर ठेवू नका, चोर तोच उचलतो. स्वच्छतागृहाचा कॅमेरा बाहेरच्या बोळात, दाराकडे तोंड करून. आत कधीच नाही.

शिराळ्याहून
आमच्याकडे बंदूक मागतात ती बिबट्यासाठी. ऊस शाळेच्या कुंपणाला टेकलेला. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, जिवावर बेतलेलं नसताना त्याच्यावर रखवालदारानं बंदूक चालवणं म्हणजे थेट गुन्हा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ भिंतीवर रंगवून घ्या, कुंपणालगतचा पट्टा साफ ठेवा, पोषण आहाराचं उष्टं रोज पुरा. उष्ट्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो.

वसतिगृह अधीक्षक, पाचगणी
सगळेच विरोधात बोलताहेत म्हणून लिहितो. निवासी शाळेचं गणित वेगळं आहे. रात्री शेकड्यांनी मुलं, आवार एकरांत, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, पोलीस यायला वेळ लागतो. रात्रीपुरता एक सशस्त्र माजी सैनिक, मुलांपासून लांब, मुख्य फाटकावर, याला माझा पाठिंबा आहे. दिवसा हत्यार दिसता कामा नये. हवालदारसाहेब, दिवसा ते ठेवायचं कुठं?

निवृत्त हवालदार, कोरेगाव
सर, रात्रीपुरतं असेल तर माझी हरकत कमी. लोखंडी पेटी भिंतीत बोल्टनं पक्की करा, वसतिगृहाच्या इमारतीत नको. बंदूक रिकामी करून एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. देताना-घेताना वहीत वेळ, काडतुसांची संख्या आणि दोघांच्या सह्या. एक काडतूस जरी कमी भरलं तरी सकाळची वाट न बघता त्याच रात्री पोलीस ठाण्यात कळवा. आणि ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानं दुसऱ्याच्या हाती बंदूक देऊ नये, "जरा चहा पिऊन येतो, धर" म्हणून तर नाहीच.

मुख्याध्यापिका, मिरज
ती वही कुणी तपासायची तेही ठरवा, सर. आमच्या फाटकावरच्या वहीत सगळे पाहुणे बरोबर दहाला येऊन अकराला जातात.