वेबसिरीजसाठी विचारतोय: हरवलेल्या मुलीच्या तपासात खाजगी गुप्तहेर नेमकं काय करू शकतात?

पटकथा_कल्याण

नमस्कार मंडळी. सहा भागांची मराठी सिरीज लिहितोय, काळ २०२५चा. कल्याण पूर्वेतल्या चाळीतली सहा वर्षांची मुलगी संध्याकाळी दुकानात जाते ती परत येत नाही. तीन आठवड्यांनी पोलिसांचा तपास थंडावतो आणि तिची आजी दोन खाजगी गुप्तहेरांना गाठते.

आत्ताच्या मसुद्यात असं आहे: पहिल्या भागात ठाणे अंमलदार 'चोवीस तास वाट बघा' म्हणतो. दुसऱ्यात गुप्तहेर ओळखीतून संशयिताचा सीडीआर (फोनच्या कॉलची नोंद) काढतात. चौथ्यात सोसायटीच्या सीसीटीव्हीत रिक्षा दिसते. शेवटी मुलगी परराज्यात एका मूल नसलेल्या जोडप्याकडे सापडते आणि दोघं तिला रातोरात गाडीत घालून आणतात. यातलं काय टिकेल, काय बदलू?

तपासी_टिपण

चोवीस तासांचा संवाद आधी काढा. मूल अठराच्या आतलं असेल तर थांबायचा प्रश्नच नाही. १० मे २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मूल हरवल्याची तक्रार आली की थेट एफआयआर, आणि अपहरण झालंय असं गृहीत धरूनच तपास. १ जुलै २०२४नंतरचा गुन्हा असल्याने अपहरणाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १३७(२) लागेल. जुन्या दंड संहितेचं ३६३ पात्रांच्या तोंडी चालेल, हवालदार अजून तेच बोलतात, पण कागदावर नको. नुसती 'मिसिंग' नोंद होते ती प्रौढ माणसाची.

अंमलदार वाईट दाखवायचाच असेल तर त्याला हद्दीवरून टोलवू द्या. कल्याणला ते पटतं. स्टेशनच्या आत लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर पोलीस. मुलगी शेवटची पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर दिसली असेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. कायद्याने तसं करता येत नाही, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द आपली नसली तरी नोंदवायची तक्रार) घ्यावीच लागते. आजीला हे माहीत नसणं हाच तुमचा प्रसंग. आणि कल्याणहून गाड्या दोन दिशांना फुटतात, कसारा आणि कर्जत. पहिल्या रात्री पथक फक्त कसाऱ्याकडे गेलं, तर गुप्तहेरांना तीन आठवड्यांनी धरायला खरा धागा उरतो.

तपास 'थंडावतो' म्हणजे काय, तेही दाखवा. फाईल बंद होत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. तीन आठवड्यांना फाईल त्याच तपासी अधिकाऱ्याच्या टेबलावर असते, फक्त वर बंदोबस्त आणि नवे गुन्हे येऊन पडलेले असतात.

अ‍ॅड_ठाणेकर

सीडीआरचा प्रसंग असाच ठेवलात तर तुमचे नायक दुसऱ्याच भागात आरोपी होतात. कॉल रेकॉर्ड कंपनीकडून मागवता येतो तो पोलिसांना, तोही अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत. खाजगी माणसाने ओळखीतून काढला तर तो गुन्हा. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी याच प्रकारात खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या कथेत प्रेक्षकाला ते लगेच आठवेल. शिवाय सीडीआर घर दाखवत नाही. तो टॉवर आणि त्याचा सेक्टर दाखवतो, साधारण १२० अंशांची एक पाकळी. कल्याण पूर्वेसारख्या दाट वस्तीत त्या पाकळीत शेकडो घरं येतात.

खाजगी गुप्तहेरांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. २००७मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, कायदा झाला नाही. म्हणजे परवाना नाही, ओळखपत्राला सरकारी वजन नाही, झडतीचा अधिकार नाही. 'क्राइम ब्रँचमधून आलोय' असं म्हटलं की तोतयेगिरी, कमीत कमी सहा महिने कैद. अटकेचा अधिकार कुठल्याही नागरिकाला असतो तेवढाच: समोर घडलेला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात.

मग उरतं काय? माणसांशी बोलणं. पोलिसांना जो शेजारी बोलला नाही, तो आजीबरोबर आलेल्या बाईशी बोलतो. तुमची स्त्री गुप्तहेर इथे कामाला लावा.

डीव्हीआर_दुरुस्ती

सीसीटीव्हीबद्दल. तीन आठवड्यांनी गुप्तहेर येतात आणि फुटेज मिळतं, हे हिशोबात बसत नाही. चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस धरा. एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ जीबी, चारांचे ८६. एक टीबीची हार्डडिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसत पुढे जाते. लहान सोसायट्यांत बहुतेक एक टीबीच असते. मोशन रेकॉर्डिंग (हालचाल झाली तरच चित्रण) लावलेलं असेल तर तीच डिस्क बरीच लांब जाते, म्हणून गुप्तहेरांना फुटेज मिळवून द्यायचंच असेल तर रात्री सामसूम असलेल्या पिठाच्या गिरणीचा कॅमेरा दाखवा, सोसायटीचा नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. इंटरनेट नसलेल्या डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ सरकतं, आणि आतला सेल गेला असेल तर लाईट गेल्यावर तारीखच मागे जाते. जाणकार माणूस आधी मॉनिटरवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घेतो आणि फरक लिहून ठेवतो. रिक्षा ७.४०ला दिसली आणि घड्याळ २२ मिनिटं पुढे असेल, तर ती खरी ७.१८ची. मुलगी घरातून ७.२५ला निघाली असेल तर ती रिक्षा निर्दोष. एक अख्खा चुकीचा संशयित यावर उभा करता येईल.

गुप्तहेरांनी मालकाच्या संमतीने कॉपी घ्यावी, पण डीव्हीआर उचलून नेऊ नये. मूळ डिस्क पोलिसांनी पंचनामा करून घ्यायची. सोबत हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर कोर्टात वकील पहिला घाव तिथेच घालतो.

पटकथा_कल्याण

फार उपयोगी. घड्याळाचा धागा घेतोच. पण मग परराज्यातलं जोडपं सापडणार कसं? आणि मुलीचं वय चार केलं तर?

तपासी_टिपण

वय सहाच ठेवा. पाच वर्षांखालच्या बाल आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत, ते पाचनंतर घेतात. चार वर्षांच्या मुलीचं नवं आधार त्या जोडप्याच्या नावाशी जोडून निघू शकतं, काही अडत नाही. सहा वर्षांच्या मुलीचे ठसे आधीच घेतलेले असतील, तर दुसरी नोंदणी डुप्लिकेट म्हणून नाकारली जाते. नागपुरात वाढलेल्या एका मुलाचं जबलपूरचं घर २०२१मध्ये याच वाटेने सापडलं होतं. मात्र बरेच पालक पाचनंतरचं अपडेट करतच नाहीत, म्हणून पहिल्या भागात आजीच्या तोंडी टाका की शाळेने मागितलं म्हणून ठसे देऊन आलो होतो.

गुप्तहेर आधारची माहिती मागू शकत नाहीत, बायोमेट्रिक तर पोलिसांनाही मिळत नाही. पण शाळेच्या प्रवेशासाठी ते जोडपं पुन्हा पुन्हा केंद्रावर येतं, दरवेळी नोंदणी नाकारली जाते आणि ऑपरेटरला शंका येते. धागा त्या ऑपरेटरकडून येऊ द्या.

अ‍ॅड_ठाणेकर

शेवट मात्र बदलाच. मुलीला रातोरात गाडीत घातलं की जोडप्याची तक्रार तुमच्याच नायकांवर अपहरणाची. बाल न्याय अधिनियमाचं कलम ३२ बघा: हरवलेलं मूल हाती आलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाईन), पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवायचं. न कळवणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही.

क्रम असा लावा. गुप्तहेर तिथल्या पोलिसांना आणि कल्याणच्या तपासी अधिकाऱ्याला एकाच वेळी कळवतात. मुलगी तिथल्या समितीसमोर, नंतर हस्तांतर होऊन ठाणे जिल्ह्याच्या समितीसमोर. आईवडिलांच्या ओळखीबद्दल वाद निघालाच तर डीएनए, नमुने मुंबईतल्या कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. यात दिवस जातात आणि आजीला नात दिसते पण घरी नेता येत नाही.

जोडपं दलालाने दिलेलं नोटरीचं 'दत्तकपत्र' पुढे करेल. अशा कागदाने दत्तक होत नाही. बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पैसे देऊन मूल घेतलं असेल तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ते दोघं प्रेमळ आहेत याने कलम बदलत नाही, पण समितीचे सदस्य मुलीला एकटीला बसवून तिचं म्हणणं विचारतात. सहा वर्षांची मुलगी तिथे काय बोलते, तो प्रसंग नीट लिहा. आणि मुलगी सापडल्यावर गुप्तहेर तिचे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेले फोटो काढायला लावतात हेही दाखवा, कलम ७४ प्रमाणे त्यानंतर तिची ओळख उघड करता येत नाही.